नैराश्याची गोळी चालू असताना दुसरं औषध घ्यायचं झालं तर

नैराश्याची गोळी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतून, प्रेशरची गावच्या आरोग्य केंद्रातून आणि गुडघ्याची नाक्यावरच्या फार्मसीतून. गोव्यात पुष्कळ घरांत असंच चालतं. हे तिन्ही कागद एका डॉक्टरपुढे येतील ही जबाबदारी आपलीच.

आधी यादी करा. घरातली सगळी औषधं टेबलावर काढा, खोकल्याचं सिरप आणि काढेसुद्धा. ब्रँडखाली बारीक अक्षरांत घटकाचं नाव असतं, ते उतरवा. फार्मसीत चार गोळ्या कापून देतात तेव्हा नावाचा तुकडा बहुतेक तिथेच राहतो, म्हणून पूर्ण पट्टीचा फोटो आधीच काढून ठेवा.

आपली गोळी कुठली ते ओळखा. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या एसएसआरआय, म्हणजे सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गटातल्या. अमिट्रिप्टिलिन जुन्या गटातली. ती मायग्रेनला किंवा मधुमेहात पाय जळजळतात म्हणूनही देतात, त्यामुळे ती नैराश्याचीही गोळी आहे हे घेणाऱ्याला माहीतच नसतं.

मग जोड्या पाहा. सर्वांत जास्त घोळ वेदनाशामकांचा. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना सेरोटोनिन हे रसायन लागतं आणि एसएसआरआयमुळे त्यांच्यातला साठा घटतो. त्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची भर पडली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शी डांबरासारखी काळी झाली तर थांबू नका, दवाखाना गाठा. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करायची नाही. पोटाच्या रक्षणाला ओमेप्राझोल सुचवलं तर एस्सिटॅलोप्रॅम चालू असल्याचं सांगा, कारण त्याने तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाची गोष्ट वेगळी. ते, किंवा कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, एसएसआरआयबरोबर घेतलं तर सेरोटोनिन अति होऊ शकतं. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, जुलाब होतात, ताप चढतो, माणूस गोंधळतो. अशा वेळी १०८ ला फोन लावा.

साठीपुढच्यांच्या प्रेशरच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे का बघा. नावापुढे बहुधा ‘एच’ असतो. ती आणि एसएसआरआय मिळून रक्तातलं सोडियम उतरवू शकतात. आजी अडखळते, विसरते, आणि घरचे म्हणतात ‘वय झालं’. रक्ताची साधी तपासणी करून घ्या.

बाकीचं थोडक्यात. एस्सिटॅलोप्रॅमबरोबर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा उलटीचं ऑनडान्सेट्रॉन देताना ईसीजी लागेल का ते विचारा, विशेषतः हृदयविकार असेल तर. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन चालू असेल तर फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन टाळतात, कारण त्यांनी टॅमोक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो. अमिट्रिप्टिलिनवर सर्दीची क्लोरफेनिरामिनवाली गोळी घेतली तर प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडू शकते.

आणि हुर्राकाचा, काजूच्या दारूचा मोसम! घबराटीसाठी दिलेलं क्लोनाझेपाम किंवा अमिट्रिप्टिलिन चालू असताना दारू घेतली तर गुंगी वाढते, आणि स्कूटरवरून घरी जायचं असतं. किती घेता ते डॉक्टरला खरं सांगा.

जोडी घातक वाटली तरी नैराश्याची गोळी एकदम सोडू नका. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन अचानक बंद केल्यास चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही सुमारे ५ आठवडे अंगात राहतं, तेव्हा नवं औषध घेताना तेही सांगायला हवं.

यादी कधी दाखवायची? डॉक्टर लिहायला पेन उचलतात त्याआधी. ‘दाताच्या डॉक्टरला हे कशाला सांगू?’ असं पुष्कळांना वाटतं. पण दाढ काढल्यावर लिहून मिळतं ते वेदनाशामकच.