या चुका टाळा: टायरचा आकार, कॅम्बर आणि घाटातली वळणं

गाडी डावीकडे खेचते म्हणून अलायनमेंट करून आणली आणि दोन-तीन महिन्यांत टायरची आतली कड पुन्हा गोटा. पावसाळा सरला की कोकणात ही तक्रार हमखास ऐकू येते. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे अलायनमेंट म्हणजे फक्त टो लावणं, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते जमवणं. चाक वरून आत की बाहेर झुकलंय, म्हणजे कॅम्बर, तो मशीनच्या कागदावर छापून येतो; पण तो फिरवायला कंपनीने सोयच दिलेली नसते.

म्हणून आधी टायरवर तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचलं तर टो चुकलाय. दोन्हीकडून गुळगुळीत पण एकच खांदा (टायरची कडेची बाजू) उतरलाय, तर संशय कॅम्बरवर. दोन्ही खांदे गेले तर हवा कमी होती.

दुसरी गफलत शब्दाचीच. रस्त्यालाही कॅम्बर असतो. जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मधून कडेकडे अडीच टक्क्यांपर्यंत उतार देतात, मीटरमागे २.५ सेंमी. त्यावर गाडी जराशी डावीकडे जाणारच. तो दोष समजून चाकांशी खेळू नका. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) सपाट मोकळ्या जागेत तपासा. तिथेही खेचली तर दोष गाडीत. झुकलेलं चाक आडव्या पेल्यासारखं लोळतं, सरळ न जाता झुकल्या बाजूला वळतं. दोन्ही चाकं सारखी झुकलेली असली तर ओढ एकमेकांना मारते. फरक साधारण अर्ध्या अंशाच्या वर गेला की स्टिअरिंगला जाणवतो.

घरीही अंदाज घेता येतो. चारही चाकांत हवा सारखी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, गवंड्याचा ओळंबा चाकासमोर टायरला न टेकता सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या व खालच्या काठाचं अंतर मोजा. १४ इंची रिमवर ६ मिमी फरक म्हणजे सुमारे १ अंश. अंगणाला उतार असतोच, म्हणून गाडी त्याच जागी उलट तोंडाने लावून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

कॅम्बर आपोआप बिघडत नाही. खड्ड्यात आपटून स्ट्रट (चाकामागचा उभा शॉकअप) किंवा लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा) वाकतो, बुश (सांध्यातलं रबर) फाटतो, बेअरिंग ढिलं होतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर आधी तो पार्ट बदला. काही ठिकाणी जॅक लावून स्ट्रटच वाकवून आकडा जमवतात. ते करू देऊ नका, आतला दांडा अडकतो आणि सील गळू लागतं. स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टने जोडलेला असेल तर एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सरकवलेल्या, कॅम्बर बोल्टने १ अंशाच्या आसपास दुरुस्ती होते. खाऱ्या हवेने जुने बोल्ट गंजलेले असतात, ते परत वापरू नका. आणि कॅम्बर हलवला की टो पुन्हा लावावाच लागतो.

दुचाकीचं गणित वेगळं. तिथे गोल टायरवर झुकूनच वळायचं असतं. महामार्गाच्या सरळ काँक्रीटवर रोज पळवली की मागच्या टायरचा मधला पट्टा चपटा होतो. मग आंबा घाटाच्या वळणावर गाडी आधी झुकायलाच मागत नाही आणि चपट्याची कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी आत जाते. ओल्या रस्त्यावर हा धक्काच घसरवतो. टायरवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. नव्या टायरवर ती मध्येच टेकते आणि डुलते. दोन बोटांच्या रुंदीभर सपाट बसली तर नक्षी शिल्लक असली तरी टायर बदला. हवा जास्त मारली तर हाच पट्टा आणखी लवकर झिजतो.

हौसेने त्याच रिमवर दोन साइझ रुंद टायर चढवणं हीसुद्धा चूकच. रिम बाजू आत ओढते, टायर मध्ये टोकदार होतो, कडा रस्त्याला लागतच नाहीत, वर चेन किंवा मडगार्ड घासतं ते वेगळंच. कारच्या टायरवरच्या आकड्यांत आधी रुंदी मिमीत, मग भिंतीची (रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची) उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि आर पुढे रिमचे इंच असतात. १६५/८० आर१४ च्या जागी १८५/६५ आर१५ घेतला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो. पण भिंत १३२ मिमीवरून १२० मिमीवर येते. वळणावर गाडी चटकन ऐकते. साइडपट्टीवरून उतरून पुन्हा डांबरावर चढताना मात्र मार थेट रिमला बसतो.