मोबाईल टीव्हीला जोडायचाय? आधी कास्ट आणि मिररिंगमधला फरक बघा

मोबाईल टीव्हीवर बघायचा म्हटलं की बरेच जण सरळ स्क्रीन मिररिंग चालू करतात आणि मग व्हिडिओ अडकतोय, आवाज मागे पडतोय म्हणून टीव्हीला शिव्या घालतात, पण कास्ट आणि मिररिंग या दोन वेगळ्या भानगडी आहेत. यूट्यूबमध्ये वरच्या बाजूला छोटा चौकोन आणि कोपऱ्यात वायफायसारख्या रेघा दिसतात ना, ते कास्ट. ते दाबलं की फोन टीव्हीला फक्त सांगतो की हा व्हिडिओ लाव, पुढचं सगळं टीव्ही स्वतःच नेटवरून ओढतो, मग तुम्ही फोन लॉक करा नाहीतर आत्याशी तासभर बोला, व्हिडिओ चालूच राहतो. मिररिंगमध्ये मात्र फोनला अख्खी स्क्रीन सतत टीव्हीकडे पाठवत बसावं लागतं, म्हणून तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. त्यामुळे कास्टचं चिन्ह असेल तिथे कास्टच करा, मिररिंग ठेवा गॅलरीतले लग्नाचे फोटो, एखादी वेबसाईट असल्या गोष्टींसाठी.

कास्टसाठी फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. चिन्हच दिसत नसेल तर आधी हे बघा की फोन गुपचूप मोबाईल डेटावर तर गेला नाहीये ना, किंवा राउटरच्या गेस्ट नेटवर्कला, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला तर जोडलेला नाही ना, कारण गेस्टवरची डिव्हाइसेस बहुतेक वेळा एकमेकांना दिसतच नाहीत. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करा. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी दिलीये का तेही तपासा. आणि यूट्यूबपुरतं तर दोन्ही एकाच वायफायवर असायचीही गरज नाही, टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये टीव्ही कोड मिळतो, तो फोनमधल्या यूट्यूबमध्ये टाकला की झालं काम.

आता मिररिंग. अँड्रॉइडमध्ये दरेक कंपनीने नाव वेगळं ठेवलंय, सॅमसंगमध्ये स्मार्ट व्ह्यू, बाकीच्यांत कास्ट नाहीतर स्क्रीनकास्ट, पण बहुतेकांच्या खाली तंत्र एकच, 2012 मध्ये आलेलं मिराकास्ट. ते वायफाय डायरेक्टवर चालतं, म्हणजे राउटर नको, इंटरनेट नको, गावच्या घरी नेट नसलं तरी फोनमधले फोटो टीव्हीवर दिसतात, फक्त फोनचं वायफाय चालू ठेवायचं. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून स्क्रीन मिररिंग निवडा, मग फोनवर वरून पट्टी खाली ओढून तेच चालू करा, यादीत टीव्हीचं नाव आलं की दाबा, टीव्ही परवानगी विचारेल तिथे हो म्हणा. फोन आडवा धरा, नाहीतर मधे चिंचोळी पट्टी आणि दोन्हीकडे काळं. आणि डू नॉट डिस्टर्ब लावाच, पाहुण्यांसमोर बँकेचा मेसेज झळकला की मग पळापळ होते.

आयफोनमध्ये मिराकास्ट नाहीच, तिथे एअरप्ले, म्हणजे ॲपलचं स्वतःचं तंत्र, त्यासाठी टीव्ही एअरप्लेचा हवा नाहीतर ॲपल टीव्हीचा डबा.

मिररिंग केलं, आवाज येतोय पण पडदा काळा, असं ओटीटी ॲपमध्ये झालं तर टीव्ही बिघडलेला नाही, कॉपी होऊ नये म्हणून ॲपच चित्र अडवतं. उगाच सेटिंग उलटसुलट करत बसू नका, टीव्हीवर त्याच ॲपमध्ये लॉगिन करा. फक्त प्लॅन बघून घ्या, मोबाईलपुरता स्वस्त प्लॅन असेल तर तो टीव्हीवर चालत नाही.

टीव्ही साधा असेल पण मागे एचडीएमआयचा पोर्ट असेल तर त्यात फायर स्टिकसारखी, साध्या टीव्हीला स्मार्ट करणारी स्टिक लावा, आणि तिची वायर टीव्हीच्या यूएसबीत न खोचता सोबतच्या अडॅप्टरला लावा, कारण टीव्हीच्या यूएसबीतून पुरेशी पॉवर मिळेलच असं नाही. वायरने थेट जोडायचं असेल तर टाइप-सी टू एचडीएमआय केबल मिळते, पण घेण्याआधी आपला फोन टाइप-सीमधून व्हिडिओ बाहेर देतो का ते बघा, बहुतेक स्वस्त फोन देत नाहीत आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.