स्वस्तात क्लॅम्प मीटर घेताय? आधी या चुका टाळा

आमच्याकडे अजून सगळे टाँग टेस्टरच म्हणतात, दुकानात क्लॅम्प मीटर मागितला की तेच मिळतं. वायर न तोडता, नुसता चिमटा लावून करंट मोजायचा. मी एसी, फ्रिज आणि विहिरीवरच्या मोटरींची कामं करतो आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी नवीन पोरगा मीटर घेऊन येतो, "दादा, हा बरोबर दाखवत नाही, बदलून मिळेल का?" बघितलं तर मीटर चांगला असतो, पण त्या कामाचाच नसतो. हजार-दोन हजार रुपये त्याने पोटाला चिमटा घेऊन साठवलेले असतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

मोठा आकडा बघून घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. खोक्यावर १००० अ‍ॅम्पिअर लिहिलेलं दिसलं की वाटतं भारी मीटर आहे. पण आपण मोजतो काय? फ्रिजचा कॉम्प्रेसर १ अ‍ॅम्पिअरच्या आसपास, दीड टनाचा एसी ६-८, ५ एचपीची थ्री फेज मोटर ८-९. हजार अ‍ॅम्पिअर मोजायची वेळ आपल्यातल्या बहुतेकांवर जन्मात येत नाही.

माझा पहिला मीटर असाच होता, पुण्यात तपकीर गल्लीतून घेतलेला. एका घरी फ्रिज थंड करत नव्हता, कॉम्प्रेसरच्या प्लेटवर १.१ लिहिलेलं, माझा मीटर एकदा ०.६ दाखवायचा, चिमटा काढून परत लावला की १.३. मी त्या काकूंना सांगून मोकळा झालो की कॉम्प्रेसर गेलाय. त्यांनी खात्रीसाठी अजून एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं, त्याने त्याचा मीटर लावला तर आकडा १.० वर स्थिर, आणि बिघाड निघाला थर्मोस्टॅटमध्ये. काकू मला काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं, कारण माझ्या सांगण्यावरून त्या नवा कॉम्प्रेसर टाकणार होत्या.

नंतर मीटरसोबतचा कागद वाचला तेव्हा समजलं. अचूकतेच्या रकान्यात लिहिलेलं असतं २ टक्के अधिक ५ डिजिट (डिजिट म्हणजे मीटरच्या शेवटच्या आकड्याची एक पायरी), असं काहीतरी. आपण २ टक्के वाचतो आणि पुढचं सोडून देतो. मीटर ०.१ च्या पायरीने दाखवत असेल तर ५ डिजिट म्हणजे अर्धा अ‍ॅम्पिअर! म्हणजे खरा करंट १ असला तर मीटर ०.५ पासून १.५ पर्यंत काहीही दाखवू शकतो आणि कंपनीच्या हिशोबाने तो बरोबरच असतो. म्हणून घेताना सगळ्यात लहान रेंज किती आणि तिथे पायरी किती एवढं विचारा. ०.०१ ची पायरी असेल तर घरगुती कामाला छान.

मीटर आधीच घेऊन बसला असाल तर एक जुगाड आहे. वायरचे चिमट्यातून १० वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला १० ने भागा. वायर जबड्याच्या आतून जितक्या वेळा जाते तितके वेढे मोजायचे.

खोक्यावर डीसी लिहिलंय म्हणून डीसी करंट मोजेल असं समजणं

स्वस्त मीटरवर एसी/डीसी लिहिलेलं असतं, पण ते डीसी फक्त व्होल्टेजचं असतं. चिमटा आतून साधा करंट ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याला बदलता करंटच लागतो, डीसीवर तो शून्य दाखवणार. डीसीसाठी जबड्यात हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकत्व ओळखणारा सेन्सर लागतो आणि तिथेच किंमत वाढते. नॉबवर ए अक्षरापाशी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ दिसते का ते बघा, नसेल तर डीसी करंट नाही.

आता घरांवर सोलर, शेतात सोलर पंप, प्रत्येक गल्लीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, त्यामुळे नवीन घेणाऱ्याने थोडे पैसे वाढवून डीसीवालाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त डीसी मोजण्याआधी झिरोचं बटण दाबायला विसरू नका, तेही वायरपाशी नेऊन, मीटर ज्या बाजूला धरणार त्याच बाजूला धरून. पृथ्वीचं चुंबकत्व आणि जबड्यात उरलेलं चुंबकत्व दोन्ही हा सेन्सर पकडतो, मग वायर नसतानाच अर्धा अ‍ॅम्पिअर दिसतो आणि माणूस गोंधळतो.

ट्रू आरएमएसचे पैसे वाचवणं

ट्रू आरएमएस मीटर करंटचा आकार कसाही असला तरी त्याची खरी किंमत मोजतो, साधा मीटर मात्र करंटची सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो. ते गणित गोल गुळगुळीत साइन वेव्हला जुळतं, म्हणजे हीटर, इस्त्री, जुनी मोटर. एलईडी, कॉम्प्युटरचे सप्लाय, व्हीएफडीवरची (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवरची) मोटर, काही इन्व्हर्टर एसी, यांचा करंट तुटक-टोकदार असतो आणि तिथे साधा मीटर बराच कमी आकडा दाखवतो. तुम्ही म्हणता लोड कमी आहे आणि तिकडे न्यूट्रल गरम होत असतो.

सेफ्टीकडे काणाडोळा

इथे मात्र मी कुणालाच तडजोड करायला सांगणार नाही. मीटरवर कॅट (CAT) रेटिंग छापलेलं असतं: सॉकेटवरच्या उपकरणाला कॅट टू चालतं, डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) आणि फिक्स वायरिंगला कॅट थ्री, मीटरपेटी आणि पोलकडच्या बाजूला कॅट फोर. लाइनवर क्षणभराचे हजारो व्होल्टचे झटके येतात, ते सोसायची ताकद म्हणजे हे रेटिंग. नुसता छापलेला आकडा पुरेसा नाही, सीई (CE) हे चिन्ह तर कंपनीने स्वतःच जाहीर केलेलं असतं, टीयूव्ही किंवा यूएलसारख्या बाहेरच्या लॅबचा शिक्का असेल तर जास्त भरवसा. लीड हातात घेऊन वाकवून बघा, तिच्यावरही रेटिंग छापलेलं हवं. आणि सोलरवाल्यांनो, ४९-५० व्होल्टचे १३ पॅनेल सिरीजमध्ये आले की ६०० व्होल्ट ओलांडले, तिथे ६०० व्होल्टवाला मीटर लावूच नका.

युनि-टी कंपनीचा यूटी२१०ई हा मीटर लहान कामाला मला आवडतो. ट्रू आरएमएस, डीसी करंट, २ अ‍ॅम्पिअरच्या रेंजला मिलीअ‍ॅम्पिअरची पायरी. पण जबडा १७ मिमीचा आणि कॅट थ्री ३०० व्होल्टपर्यंतच, त्यामुळे थ्री फेजच्या पॅनेलला मी तो वापरत नाही. तिथे कॅट थ्री ६०० व्होल्टवाला मोठा घ्या. मेको ही कंपनी नवी मुंबईची, मोटवाने नाशिकची, त्यांचेही मीटर आहेत, घेण्याआधी तुमच्या जवळ सर्व्हिस कुठे मिळेल ते विचारून ठेवा.

मीटर चांगला आहे तरी आकडा चुकतोय?

शून्य येतंय तर आधी बघा, पूर्ण केबल चिमट्यात घेतली नाही ना. फेज आणि न्यूट्रल एकत्र गेले की दोघांचे करंट एकमेकांना मारतात. मोटरच्या तिन्ही फेज एकत्र घेतल्या तरी तेच. एकच वायर घ्यायची, मधोमध. जबड्याच्या टोकांना धूळ किंवा गंज असला तर चिमटा नीट मिटत नाही आणि आकडा कमी येतो, कोरड्या फडक्याने पुसा. बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर कुठल्याच आकड्यावर विसंबू नका, सेल बदला. आणि बंद वायरवर ६०-८० व्होल्ट दिसले तर बऱ्याचदा ते शेजारच्या वायरमधून आलेलं फसवं व्होल्टेज असतं, टेस्ट लॅम्प लावला की गायब होतं. पण तसं सिद्ध होईपर्यंत वायर जिवंतच धरायची.

दुकानात जाताना मी एक फूटभर एक्स्टेन्शन नेतो, वरचं आवरण सोलून आतल्या वायरी वेगळ्या केलेल्या, त्यांचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत, आणि सोबत १००० वॅटची इस्त्री. इस्त्री फुलवर ठेवून फेजवर चिमटा लावला की २३० व्होल्टला ४.३ च्या आसपास आलं पाहिजे, २२० असेल तर ४.१-४.२. चिमटा काढून परत लावा, वायर मधून कडेला सरकवा, आकडा किती हलतो ते बघा. मग दोन्ही वायरी एकत्र घ्या, शून्य आलं पाहिजे. दुकानदार एवढं करू देत नसेल तर मी शेजारच्या दुकानात जातो.