पासवर्ड उसना देऊ नका : विद्यापीठातल्या या चुका टाळा

सोमवारी सकाळी दहाला आस्थापना विभागातल्या मॅडम आमच्या संगणक केंद्राच्या दारात उभ्या. "सर, माझा मेल बघा ना जरा. दोन दिवस एकही मेल आलेला नाही. आणि लोक फोन करून विचारतायत, मॅडम, गिफ्ट कार्ड कशाला हवंय तुम्हाला?"

मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फिल्टर' उघडलं. तिथं एकच ओळ होती : येणारा प्रत्येक मेल वाचलेला धरा आणि थेट कचरापेटीत टाका. ती ओळ मॅडमनी लिहिलेली नव्हती. शुक्रवारी दुपारी त्यांना "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, २४ तासांत पडताळणी करा" असा मेल आला होता. सोबत गूगल फॉर्म, आणि त्यात पासवर्डचा रकाना. त्यांनी तो भरला. (गूगल फॉर्मच्या तळाशी गूगल स्वतःच लिहितं की इथं पासवर्ड देऊ नका. तिथवर खाली कोण वाचतो म्हणा.) पाच मिनिटांत त्यांना शंकाही आली होती. पण "सगळ्या ऑफिसात हसं होईल" म्हणून शनिवार-रविवार गप्प बसल्या. तेवढ्या वेळात त्यांच्या नावानं अख्ख्या विभागाकडे गिफ्ट कार्डांची मागणी झाली. खात्री करायला ज्यांनी उलट मेल केले, त्यांची उत्तरं त्या फिल्टरनं परस्पर गिळली.

वीस वर्षं या खुर्चीत बसतोय. सिनेमातल्यासारखा काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं बडवणारा हॅकर अजून तरी आमच्याकडे आलेला नाही. आमच्याकडे जे घडतं ते किल्ली हातोहात दिल्यामुळे, आणि निस्तरायला जड जातं ते सांगायला उशीर झाल्यामुळे.

पासवर्ड बदलला की झालं, असं समजणं

इथं बहुतेक जण फसतात. पासवर्ड बदलला तरी चोरानं घातलेलं फिल्टर तसंच राहतं, परस्पर दुसऱ्या पत्त्यावर मेल पाठवणारं 'फॉरवर्डिंग'ही तसंच राहतं. म्हणून पासवर्ड बदलून झाला की लगेच चार गोष्टी बघा : फिल्टर, फॉरवर्डिंग, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आणि मेल पत्ता तुमचाच आहे ना, आणि खात्याशी जोडलेली अनोळखी ॲप. मग सगळ्या उपकरणांवरून 'साइन आउट'. हा क्रम कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला तरी चालेल. पासवर्ड मात्र त्या काचेखाली ठेवू नका. हसू नका, तीन विभागांत पाहिलाय.

लिंक खरी की खोटी हे ओळखायची आमची गावठी पद्धत अशी : 'एचटीटीपीएस'ला चिकटलेल्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते तिच्यावर बोट ठेवा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. 'डॉट एसी डॉट इन' किंवा 'डॉट ईडीयू डॉट इन' हे शेपूट आपल्याकडे फक्त शिक्षणसंस्थांना मिळतं, ते एर्नेट इंडिया देतं. शेवटी 'डॉट कॉम' आणि विद्यापीठाचं नाव मध्येच कुठंतरी डॅश घालून कोंबलेलं, तर ते आपलं नाही. पण शेपूट बरोबर आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. मॅडमच्या नावानं गेलेले मेल खऱ्याच पत्त्यावरून गेले होते. पैसे, ओटीपी किंवा गिफ्ट कार्ड मागितलं असेल तर इंटरकॉम उचला आणि विचारा. कुलगुरूंच्या नावानं मेल आला असेल तर जास्तच जरूर विचारा. कुठलेही कुलगुरू प्राध्यापकाला बाजारात गिफ्ट कार्ड आणायला धाडत नाहीत.

"सर, तुमचा ओटीपी आला असेल बघा"

अंतर्गत गुण भरायचा शेवटचा दिवस. एचओडी सर परिषदेला परगावी. सरांचा पासवर्ड क्लार्ककडे आधीपासूनच. तो फोन करतो, सर भर कार्यक्रमात ओटीपी वाचून दाखवतात, गुण भरले जातात. सगळे खूश. पुढच्या सत्रात त्याच पासवर्डनं एखाद्या विद्यार्थ्याचे गुण १२ चे १८ झाले, तर नोंदीत नाव सरांचंच दिसणार. सरांनी काहीही केलेलं नसताना खुलासा त्यांनीच लिहायचा.

विश्वास आहे म्हणून पासवर्ड दिला जातो, हे मला कळतं. त्याच क्लार्कनं सरांच्या मुलाचा प्रवेशही धावपळ करून करून दिलेला असतो. पण काम दुसऱ्याकडे द्यायची सरळ वाट असते. जीमेलमध्ये 'डेलिगेट' नेमता येतो, म्हणजे सरांचा पासवर्ड न देता क्लार्कला सरांची टपालपेटी सांभाळता येते (विद्यापीठाच्या खात्यात ही सोय बंद असेल तर आम्हाला सांगा, आम्ही चालू करून देतो). परीक्षेच्या प्रणालीत क्लार्कचं वेगळं लॉगिन बनवून मागा. अर्ज एका पानाचा आहे.

विद्यार्थ्यांनो, होस्टेलमध्ये मित्राला वायफायचं लॉगिन देणं ही त्याच जातीची गोष्ट. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थांना नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. मित्रानं काय उद्योग केले ते त्या नोंदीत तुमच्या नावावर असतं.

वायफायचं पान उघडत नाही

दर जूनमध्ये हीच रांग. बहुतेक वेळा जाहिराती बंद करायला कुणीतरी फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटचा पत्ता शोधायला वेगळा सर्व्हर वापरायची सेटिंग) टाकून दिलेलं असतं. ते 'ऑटोमॅटिक'वर आणा, लॉगिनचं पान येईल.

लाल इशारा आला की "ॲडव्हान्स्ड दाबून पुढं जा"

हे मात्र जरा सविस्तर. लॅबमधल्या एका ओळीतल्या मशीनवर कुठलीही साइट उघडली की "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असं यायचं. लॅब असिस्टंटनं मुलांना उपाय शिकवला होता : 'ॲडव्हान्स्ड' दाबायचं, 'तरीही पुढे जा' म्हणायचं. मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर तारीख २०१२ ची. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, 'सीआर २०३२' नावाचा. तो संपला की मशीन बंद केल्यावर तारीख मागे पळते. आजच्या साइटचं प्रमाणपत्र २०१२ साली अजून निघालेलंच नसतं, म्हणून ब्राउझर बिचारा ओरडतो. सेल बदलला, तारीख लावली, इशारा गेला.

पण तोवर सत्तर-ऐंशी मुलं इशारा आला की न वाचता पुढं जायला शिकली होती. तीच मुलं घरी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तसंच करणार. ती सवय काढायला सेल मिळत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह

गेटबाहेरच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणलात आणि सगळ्या फोल्डरांच्या जागी एक-दोन केबीचे शॉर्टकट दिसायला लागले, तर घाबरून फॉरमॅट मारू नका. आणि त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक तर मुळीच करू नका, व्हायरस तिथूनच तुमच्या मशीनमध्ये उतरतो. तुमच्या फायली बहुधा जागेवरच असतात, नुसत्या लपवलेल्या. आमच्याकडे आणा; 'ॲट्रिब' नावाची एक आज्ञा चालवली की दिसायला लागतात. त्याआधी अँटीव्हायरस फिरवतो, नाहीतर पुन्हा तेच.

दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडून प्रिंट काढली असेल तर निघताना फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉग आउट करा. तिथल्या 'डाउनलोड्स'मध्ये आधार कार्डाची प्रत राहिली असेल तर ती समोरच पुसून घ्या. दुकानदाराला राग येत नाही. आला तर येऊ दे.

फोनवर 'निकाल' किंवा 'शिष्यवृत्ती' नावाची एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका. निकाल एपीकेमध्ये लागत नाही.

प्रबंध फक्त गूगल ड्राइव्हमध्ये

एका संशोधक विद्यार्थिनीचं चौथं प्रकरण असंच गेलं. लॅपटॉपवरचं फोल्डर ड्राइव्हशी जोडलेलं. भावानं जागा करायला म्हणून लॅपटॉपवरचं फोल्डर पुसलं, ते ड्राइव्हवरूनही पुसलं गेलं. ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवस सांभाळते. तिला कळलं दीड महिन्यानं. गाईडना मेल केलेली जुनी प्रत सापडली, तीवरून पुन्हा लिहिलं. जोडलेलं फोल्डर म्हणजे आरसा असतो, बॅकअप वेगळा. दर रविवारी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर तारखेच्या नावानं प्रत काढा आणि डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग चोरीला जाते तेव्हा दोन्ही जातात.

मराठी विभागातल्यांसाठी वेगळं सांगतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला प्रबंध युनिकोडमध्ये आणायला लोक मिळेल त्या साइटवर अख्खी फाइल चढवतात. सादर न केलेलं संशोधन अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर कशाला? ज्या टायपिस्टनं टाइप केलंय त्याच्याकडेच बहुधा रूपांतराचं सॉफ्टवेअर असतं.

आणि पास झाल्यावर विद्यापीठाचं मेल खातं बंद होतं. त्याआधी 'गूगल टेकआउट'नं सगळं उतरवून घ्या. बँक, डिजिलॉकर, नोकरीचे अर्ज या मेलवर असतील तर आजच बदला.

फुकटचं ऑफिस, क्रॅक केलेलं विंडोज

चोरीचं ऑफिस-विंडोज चालू करून देणारा 'ॲक्टिव्हेटर' आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतो, यातच सगळं आलं. विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनचं काय करायचं तेही विचारायला या.

चूक झाली तर

मेल पुसू नका, फोन रिसेट करू नका. पुरावा तोच असतो. पैसे गेले असतील तर आमच्याकडे यायच्याही आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखता आले तर परत येतात. मग आम्हाला कळवा. सर्ट-इनला कळवायला संस्थेला सहा तास असतात, आणि ते तास आम्हाला कळल्यापासून मोजायचे असले तरी चोर आमच्यासाठी थांबत नाही.

मॅडमचा परवा पुन्हा फोन आला. "सर, आत्ता टाकला पासवर्ड. चुकून. आत्ताच." मी त्यांच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी काचेखालचा कागद काढून फिल्टर उघडलेलं होतं. रिकामं होतं.