गहू सोडला तरी पोट फुगतंच? आधी हिंगाची डबी बघा

सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) निघाल्यावर पोळी, रवा, मैदा, शेवया सगळं बंद केलं. तरी तिसऱ्या आठवड्यातही जेवून अर्ध्या तासात पोट नगाऱ्यासारखं, वर पातळ शौच. दादरहून लोकल पकडायचीच धास्ती. ओवा, जिऱ्याचं पाणी, महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं, सगळं करून झालं. अगदी जेरीस आले होते.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "हिंग कुठला वापरता?" घरी येऊन डबी उलटी केली. बारीक अक्षरांत लिहिलेलं: गव्हाचं पीठ. आणि मी रोज आमटीला त्याचीच फोडणी देत होते!

मग या क्रमाने केलं. बांधानी, म्हणजे पीठ मिसळलेला, गव्हाचा हिंग काढून तांदळाच्या पिठातला आणला, तोही घटक वाचूनच. मसाल्याचा जुना डबा घासून धुतला. मग गिरणी बंद, कारण तिथे गव्हानंतर त्याच जात्यात माझी ज्वारी दळली जायची. आता ज्वारी निवडून, धुऊन, कडक वाळवून मिक्सरमध्ये दळते आणि बारीक चाळणीने चाळते. भाकरी जरा चिरते, पण चालतं. त्यानंतर दूध थांबवलं. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं तेव्हा दुधातली साखर बऱ्याचदा नीट पचत नाही. चहा कोरा.

नवव्या दिवशी गुडगुड थांबली. दोन महिन्यांनी चहात दोन चमचे दूध घालून पाहिलं, सोसलं. गिरणीवाले काका मात्र अजून विचारतात, "ताई, दळण नाही का आज?"