हॅमॉकमध्ये पाठ गारठते? मराठवाड्याच्या थंडीत या चुका टाळा

मराठवाडा म्हटलं की लोकांना ऊन आणि टँकर आठवतात, थंडी आठवत नाही. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांच्या मध्ये बांधायची कापडी झोळी, घेऊन निघालेल्यांची फसगत तिथूनच सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी टी-शर्टवर फिरता येतं म्हणून बॅगेत एक चादर टाकली जाते. पण आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी आणि आभाळ मोकळं असतं. दिवस मावळला की जमिनीतली ऊब झपाट्याने निघून जाते. रात्रीचा पारा साधारण १२ ते १४ अंशांपर्यंत येतो, लाट आली की १० च्या खाली जातो, आणि परभणीत तो ५ च्याही खाली गेलेला आहे. म्हैसमाळ, गौताळ्याचे डोंगर किंवा बालाघाटाचा माथा इथे वर वारा असतो, तो वेगळाच.

आणि हॅमॉकमध्ये हिव वाजायला एवढीही थंडी लागत नाही. १७-१८ अंशांनाही पहाटे पाठ गार पडते.

वर तीन पांघरुणं, खाली काहीच नाही

बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. पांघरूण ऊब देतं ते त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. हॅमॉकमध्ये झोपलं की स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्याच वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीखाली फक्त कापडाचा पातळ थर उरतो. जमिनीवर निदान वारा तरी लागत नाही. इथे तो थेट पाठीखालून वाहतो आणि अंगातली ऊब घेऊन जातो. म्हणून वर चौथं पांघरूण घेऊन काही होत नाही. महागडी स्लीपिंग बॅग घेतली तरी पाठ गारच राहते.

यावर खरा इलाज अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या खाली लावायची रजई. ती हॅमॉकच्या बाहेर खालून टांगतात, त्यामुळे अंगाखाली दबत नाही. मात्र ती नीट बसवावी लागते आणि तिथेच निम्मे लोक चुकतात. सैल राहिली तर मधल्या फटीत गार हवा खेळते. फार ताणली तर दबून सपाट होते आणि पैसे पाण्यात. तपासायची रीत सोपी आहे: तुम्ही आत आडवे व्हा आणि सोबत्याला क्विल्ट आणि हॅमॉक यांच्यामध्ये हात घालायला सांगा. क्विल्ट हाताला टेकली पाहिजे, दाबता कामा नये. डोक्याकडची आणि पायाकडची टोकं दोरीने आवळून घ्या, वारा शिरतो तो तिथूनच. हे सगळं आधी घरी गच्चीवर किंवा अंगणात करून बघावं. रात्री अकराला टॉर्च तोंडात धरून दोऱ्या ओढण्यात मजा नाही.

अंडरक्विल्ट महाग पडते, आणि दोन-चार रात्रींसाठी ती घ्यावीच असं मला वाटत नाही. घोंगडी असेल तर तीही चालते. लोकरीची असल्याने थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही, आणि घट्ट विणीची असेल तर वाराही बराच अडवते. अडचण एवढीच, की तिला दोरी बांधायला कडी नसते. कोपऱ्यात बोराएवढा गुळगुळीत खडा ठेवायचा, घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळायची आणि खड्याच्या मागे दोरी करकचून आवळायची. चारही कोपऱ्यांना असं केलं की कापडाला भोक न पाडता पक्की गाठ बसते. दोरी आणि हॅमॉकचं टोक यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला. पंक्चरच्या दुकानात ती मिळते. ट्यूब ताण खाते, त्यामुळे तुम्ही कूस बदलली तरी घोंगडी अंगालगत राहते.

सुती गोधडी मात्र खालून टांगू नका. ती वजनाने लोंबते आणि दहिवर पिऊन आणखी जड होते. तिची जागा वर, अंगावर.

फोम घेतला, तरी खांदे गार

हॅमॉकच्या आत फोमचा तुकडा टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तो पाणी पीत नाही, वजनाला हलका असतो आणि अंगाखाली फारसा दबत नाही. पॅकिंगसाठी वापरतात तो पांढरा ईपीई फोम १० मिलिमीटर जाडीचा घ्या, थंडी जास्त असेल तर दोन थर. नुसती ६ मिलिमीटरची योगा मॅट आपल्या हिवाळ्याला पुरत नाही.

तक्रार येते ती रुंदीची. मॅट साधारण ५० ते ६० सेंटीमीटर रुंद असते. हॅमॉक दोन्ही बाजूंनी वर वळतो, आणि खांदे-कोपर मॅटबाहेर थेट कापडाला टेकतात. त्यासाठी खांद्यांच्या जागी फोमचा दुसरा तुकडा आडवा टाकायचा, साधारण हातभर रुंद आणि दोन्ही बाजूंना वर येईल एवढा लांब. मॅट रात्रभर घसरत असेल तर दुहेरी कापडाचा हॅमॉक घ्या आणि ती दोन थरांच्या मध्ये सरकवा. फोममधून घाम बाहेर पडत नाही, त्यामुळे पाठ ओलसर लागते. वर पातळ लोकरी शाल अंथरली की तेवढं भागतं.

ताणून बांधलेला हॅमॉक

खाट सपाट असते म्हणून हॅमॉकही सपाट असावा, असं समजून लोक तो ताणून बांधतात. मग दोन्ही कडा खांदे आवळतात, बॅगेची बाजू दबते आणि तिथून थंडी लागते. पट्टे जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करतील इतका झोल ठेवा आणि आत तिरपं झोपा, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. पाठ बऱ्यापैकी सपाट होते. बसायची उंची खुर्चीएवढी ठेवा. हॅमॉक खाली बांधला की त्याच्या वर बांधलेली ताडपत्रीही खाली आणता येते.

जागा बघून नाही, फोटो बघून निवडली

ओढ्याकाठची जागा सुंदर दिसते, पण गार हवा जड असते. ती रात्री उतारावरून खाली येऊन ओढ्यात आणि खोलगट रानात साचते. माथ्यावर वारा झोडपतो. म्हणून उताराच्या मधली जागा बरी, तीही दाट झाडाखाली. डोक्यावर पानोळा असला की दहिवर कमी पडतं. गहू-हरभऱ्याला नुकतंच पाणी दिलेल्या रानाशेजारी तर मुळीच नको. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा, त्याच्यासारखा जाणकार नाही. “तिकडं खाली नका झोपू, लई हिव असतंय,” असं तो म्हणाला की मुकाट जागा बदला.

आंबा, चिंच, कडुलिंब ही झाडं चांगली, दोघांत चार-पाच मीटर अंतर असावं. बाभळीला बांधाल तर काटा आधी हॅमॉकमध्ये जाईल, मग अंडरक्विल्टमध्ये. वर वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ आहे का ते उजेड असतानाच बघा, खाली धूर झाला तर माश्या उठतात. रान कुणाचं आहे ते विचारा. गौताळा किंवा येडशीसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नका.

ताडपत्री फक्त पावसासाठी असते, हा समज

पाऊस नाही म्हणून ताडपत्री घरी ठेवू नका. हिवाळ्यात तिचं काम वारा आणि दहिवर अडवण्याचं. आपल्याकडे थंडीचा वारा बहुतेक उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो. ताडपत्रीची लांब बाजू तिकडे करा आणि कड जमिनीपर्यंत आणा. दुसरी बाजू थोडी उघडी राहू द्या. चारही बाजू बंद केल्या तर श्वासातली वाफ आत साचते आणि पहाटे बॅगेवर पाणी दिसतं. तोंड बॅगेत खुपसून झोपल्यानेही तेच होतं. त्यापेक्षा कानटोपी घाला आणि नाक बाहेर ठेवा.

शेकोटी, शेगडी आणि बाटली

तुराट्या-पऱ्हाट्यांची शेकोटी भरभर पेटते, ठिणग्याही तेवढ्याच उडवते. नायलॉनला एक ठिणगी लागली की भोक. हॅमॉकपासून चांगली लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पेटवा आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवा. निखाऱ्याची शेगडी ताडपत्रीच्या आत कधीच घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. दारूने अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात कातडीकडचं रक्त वाढून ऊब आणखी लवकर जाते.

त्यापेक्षा घट्ट झाकणाची स्टीलची बाटली गरम पाण्याने भरा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. झोपण्याआधी शेंगदाण्याची चटणी-भाकरी किंवा गूळ-शेंगदाणे असं काहीतरी पोटभर खा. दिवसभर घामेजलेले कपडे, विशेषतः मोजे, बदला. पायात घट्ट मोजे नकोत, रक्त खेळत नाही. आणि लघवीला लागली असेल तर उठा. ती दाबून धरली की झोप येत नाही, आणि जागं माणूस जास्त कुडकुडतं.

एवढं करूनही रात्री दोनला दात वाजत असतील तर हट्ट सोडा आणि खाली उतरा. टॉर्च मारून जमीन बघा, ताडपत्री अंथरा, वर फोम, त्यावर घोंगडी. हॅमॉक सोडून त्याचं कापडही अंगावर घ्या. सोबत गाडी असेल तर तिच्यात झोपा, काच बोटभर उघडी ठेवून आणि इंजिन बंद करून.