दृष्टिहीन वाचकांसाठीच्या मराठी पुस्तकाची तपासणी कशी करावी

तपासणीला बसताना मूळ पानांचे स्कॅन आणि ओसीआरने, म्हणजे चित्रातील छापील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, काढलेला मजकूर शेजारी शेजारी उघडावा. प्रथम पृष्ठक्रमांक जुळवावेत. एखादे पान गळाले असल्यास पुढचे काम थांबवून पुस्तक पुन्हा स्कॅनिंगला पाठवावे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य संगणकीय पद्धतीत, आहे ना, हेही पाहावे, कारण जुन्या फॉन्टमधील अक्षरे एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, निरर्थक उच्चारतो.

खरी कसोटी अक्षरांची असते. ‘पुस्तक’चे ‘पुम्तक’ झाले, तर ऐकणारा अडखळून का होईना, मूळ शब्द ओळखतो. परंतु ‘धडा’चा ‘घडा’, ‘बारा’चा ‘वारा’ किंवा सह्याद्रीच्या ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ झाला, तर वाक्य सुरळीत ऐकू येते आणि अर्थ मात्र बदलून जातो. मूळ पान डोळ्यांनी पाहणे ज्याला शक्य नाही, त्याची ही फसवणूकच होते. शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर अशा शब्दांवर बोट ठेवत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. सांगलीत कृष्णेच्या २०१९ च्या महापुरात भिजलेले पुस्तक हाती आले, तर अधिकच जपावे. पानावरचा बारीक डागही ओसीआरला अनुस्वार वाटू शकतो.

मात्र दिसेल तो अनुस्वार खोडूही नये. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे छापलेले असते आणि ते तसेच राहिले पाहिजे. साताऱ्याकडच्या ग्रामीण कथेतील ‘व्हतं’, ‘न्हाई’ यांना प्रमाण रूप देण्याचा अधिकार तपासनिसाला नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रकरणांच्या मथळ्यांना हेडिंगची शैली द्यावी, प्रत्येक पानावर पुन्हा येणारे पुस्तकाचे नाव काढावे आणि वाक्याच्या मध्येच घुसलेली तळटीप योग्य जागी न्यावी.

तपासलेल्या पुस्तकाला गुणवत्तेची श्रेणी देण्यापूर्वी आरंभीची, मधली आणि शेवटची काही पाने डोळे मिटून स्क्रीन रीडरवर ऐकावीत. कादंबरीत क्वचित एखादी वेलांटी चुकली, तरी ‘चांगली’ ही श्रेणी देता येईल. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मात्र ‘१’चा ‘९’ झालेला एकच आकडा सापडला, तरी सर्व आकडे पुन्हा तपासल्याशिवाय कोणतीही श्रेणी देऊ नये. मेहनत पुष्कळ झाली म्हणून श्रेणी वाढवणे वाचकावर अन्याय करणारे आहे.

कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने वाचनसुलभ प्रती करण्याची दिलेली मुभा अपंग वाचकांसाठी आहे. म्हणून फाइल ग्रंथालयाकडे सोपवल्यानंतर आपल्या संगणकातील प्रत पुसावी आणि ती व्हॉट्सॲपवरून कोणालाही पाठवू नये.